गव्हात पिकलेली टायरं

मी हे लिहायला घेणं बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते अर्ज होते, आणि तेही तलाठ्याला नाहीतर मुख्याध्यापकांना. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माणसावर लिहावं इतकी माणसं मी अजून पाहिलेली नाहीत. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. पण नागपुरातल्या नंदनवन भागातल्या त्या गल्लीत काकांचा विषय निघाला की लोक गव्हाची गोष्ट सांगतात, हसतात आणि उठून जातात. मीही हसतो. फक्त मला वाटतं, हसून झाल्यावर थोडा वेळ बसायला हवं.

काका टायर हातात घेतलं की आधी ते अंगठ्यानं दाबत, मग नाकाजवळ नेत, मग डोळे मिटत. आंबेवाल्याच्या हातगाडीपाशी तुम्ही-आम्ही करतो तसंच. आणि मग निकाल देत.

"कच्चं हाये गा अजून."

ते टायर नऊ वर्षांचं होतं.

माझी आणि त्यांची ओळख आमच्या कॉलेजच्या सायकलमुळे झाली. कॉलेजकडे शर्यतीची एकच सायकल होती. ती कुणी आणली, कधी आणली, हे क्रीडा विभागाच्या सरांनाही सांगता येत नव्हतं. मी उमरेडचा. शाळेला रोज अकरा किलोमीटर सायकल मारत गेलो होतो, म्हणून सरांनी ती माझ्या हातात दिली. दोन महिन्यांनी विद्यापीठाच्या संघासाठी चाचणी होती. पहिल्या सहांत आलो तर संघात, आणि संघात असलो तर वसतिगृहातली माझी जागा टिकणार होती. नाहीतर पुढल्या सत्रापासून उमरेड-नागपूर एसटी, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई सगळ्यांना सांगायची की पोरगा नागपुरात राहून शिकतो. त्यातलं 'राहून' तिला 'शिकतो'पेक्षाही जास्त आवडायचं.

तर पहिल्याच आठवड्यात पुढचं चाक बसलं. मी ते पंक्चरवाल्याकडे नेलं. त्यानं टायर काढायला दोन पान्हे घातले, ओढलं, घाम पुसला, पुन्हा ओढलं आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"भाऊ, याच्यात ट्यूबच नाही हाये."

"मग हवा कुठे भरतात?"

"ते मले काय विचारता? सायकल तुमची हाये."

शेवटी त्यानंच मला काकांचा पत्ता दिला. म्हणाला, "एक बुढा हाये. असेच टायर गव्हात ठेवते. पाहा जाऊन."

काका एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उंच, बारीक, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा ब्रश. त्यांनी मला दारातच उभं करून समजावलं. या टायरला ट्यूबलर म्हणतात. साध्या सायकलीत ट्यूब वेगळी आणि टायर वेगळं, यात ट्यूब टायरच्या पोटात घालून खालून शिवून टाकलेली असते, उशीत कापूस भरून शिवावा तशी. शिवणीवर सुती पट्टी. ती पट्टी सोल्यूशन लावून रिमला चिकटवायची. दुसरा आधार नाही. वळणावर माणूस आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही असतं ते म्हणजे सोल्यूशन.

"आणि विश्वास," मी म्हणालो. मला वाटलं, त्यांना आवडेल.

"विश्वास गिश्वास काही नसते. सोल्यूशनच असते."

काकांकडे अशी चौदा टायरं होती. कुणी शर्यत सोडली की त्याच्याकडून, कुणाचा मुलगा दिल्लीला गेला की त्याच्यासोबत मागवून, अशी पंचवीस वर्षांत जमवलेली. त्यांचं ठाम मत होतं की नवं टायर लावणं म्हणजे झाडावरची कैरी ओरबाडणं. रबर अंधारात, कोरड्या गारव्यात, थोडीशी हवा भरून वर्षानुवर्षं ठेवलं की मुरतं, आणि मुरलेलं टायर काट्याला दाद देत नाही. हे शास्त्राला धरून आहे का, ते मी आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना विचारलं होतं. त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, जर्नल पूर्ण कर.

आता नागपुरात मे महिन्यात अंधार मिळतो, पण कोरडा गारवा कुठून आणायचा? कूलरच्या खोलीत गारवा असतो, पण तो ओला. "कूलरच्या हवेनं पट्टी कुजते," असं म्हणून काकांनी एका उन्हाळ्यात टायरं फ्रिजमध्ये ठेवली आणि दूध शेजाऱ्यांकडे. दोन महिने काकू सकाळी पातेलं घेऊन शेजारी दूध आणायला जात. स्वतःच्याच घरचं दूध. शेजारीण तिसऱ्या आठवड्यात विचारती झाली, "वैनी, फ्रिज बिघडला काय वं?" काकू म्हणाल्या, "फ्रिज नाही बिघडला."

मग त्यांना गव्हाची कोठी सापडली. वर्षाचे गहू भरायची पत्र्याची मोठी कोठी. आत अंधार, आत कोरडं, बाहेर सत्तेचाळीस डिग्री असली तरी गव्हाच्या पोटात हात घातला तर थंड लागतं. काका एकेक टायर जुन्या धोतरात गुंडाळून गव्हात पुरू लागले. काकू दळणाला गहू काढायला गेल्या की पायली टायरला अडकायची.

"आमच्या घरी पोळीलेसुद्धा रबराचा वास येते," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तुले येते काय पाहा." असं म्हणून त्यांनी मला दोन पोळ्या वाढल्या. वास येत नव्हता. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू बाहेरगावचा हायेस म्हणून भिडस्त बोलून राहिला."

मला टायरं हवी होती. एवढंच ना, असं तुम्ही म्हणाल. पण काका टायर द्यायचे म्हणजे आधी माणूस पाहायचे. त्यांनी मला वजन विचारलं, झोप किती लागते विचारलं, राग कधी येतो विचारलं. मला राग येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "हे काळं वालं तुले नाही जमणार. तापट हाये." मग त्यांनी मला गल्लीतून खालीवर सायकल मारायला लावली आणि स्वतः डोळे मिटून ओट्यावर ऐकत बसले. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणीतरी विचारलं, "काका, काय ऐकून राहिले?" काका म्हणाले, "हा उजव्या पायानं जास्त दाबते. याले नरम टायर पाहिजे."

पुढल्या रविवारी माझ्या सायकलीची दोन्ही रिमं घेऊन मला बोलावलं. सतरंजीवर एका बाजूला रिमं ठेवली, दुसऱ्या बाजूला धोतरातून काढलेली एक जोडी. काका दोन्हीकडे आळीपाळीनं पाहत राहिले. काकूंनी तर्रीपोहे आणले. मला एकदम घाम फुटला, कारण हा कसला कार्यक्रम चालला आहे ते माझ्या लक्षात आलं आणि मी वरपक्षाचा एकटाच होतो. मी विचारलं, "काका, रुंदी जुळते का?"

"रुंदी जुळते. बाकीचं पाहून राहिलो."

बाकीचं म्हणजे काय, ते मला आजही कळलेलं नाही. पण जोडी पसंत पडली. फक्त, "कच्चं हाये गा अजून."

मी रोज कॉलेज सुटलं की जायचो. रोज टायर बाहेर निघायचं, दाबलं जायचं, हुंगलं जायचं, परत गव्हात जायचं. चाचणीला पंधरा दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला. मी म्हणालो, "काका, हे माझ्या खोलीचं आहे. सहांत आलो नाही तर खोली जाईल." यापूर्वी मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. ते उठले. आत गेले, कोठी उघडली, आणि थोड्या वेळानं आतून त्यांची हाक आली. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"इकडे ये! पाह्य, पाह्य! पिकलं!"

टायरची खालची पट्टी मुळात पांढरी असते. ती सोनेरी पिवळी झाली होती, हापूससारखी, आणि तिच्यावर मंद चमक होती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी काकूंना बोलावून दाखवलं. काकू म्हणाल्या, "चांगलं झालं. आता गव्हात जागा होईन."

मग चिकटवणं सुरू झालं. आधी टायर रिकाम्या रिमवर ताणून आठवडाभर ठेवलं. नंतर रिमवर सोल्यूशनचा पातळ हात, तो एक दिवस वाळवायचा. दुसरा हात, दुसरा दिवस. तिसरा, तिसरा दिवस. या तीन दिवसांत घरात फोडणी बंद. फोडणीच्या धुरात तेल असतं, तेल हवेतून रिमवर बसतं, आणि तेलावर सोल्यूशन धरत नाही, असं काकांचं म्हणणं. यात मात्र ते बरोबर होते. तेलाचं एक बोट लागलं तरी टायर निसटतं. तीन दिवस काकू वरणाचं पातेलं घेऊन शेजारी फोडणी घालायला जात होत्या. शेजारीण आता काही विचारत नसे. ती काकू दिसल्या की कढई ठेवायची. मी एकदा डोक्याला तेल लावून गेलो तर काकांनी मला फाटकाबाहेर उभं केलं आणि खिडकीतून बोलले.

शेवटच्या दिवशी चाक उभं धरून, व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून, दोन्ही हातांनी टायर खाली ओढत ओढत बसवलं. शेवटची वीतभर पट्टी सगळ्यात अवघड. आम्ही दोघांनी अंगठे लावले, काकूंनी चाक धरलं, आणि ते चढलं. काका चाक फिरवून फिरवून पाहत होते. जराही डगमगत नव्हतं.

चाचणी रविवारी सकाळी हिंगणा रोडला होती, कंपन्यांच्या बसेस नसतात म्हणून. एकेकाला एकेक मिनिटाच्या अंतरानं सोडत होते. काका त्यांच्या मुलीची जुनी लेडीज सायकल घेऊन आले होते आणि शेवटच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध ठेवलेल्या पिंपापाशी उभे होते. मला सांगायला लाज वाटते, पण मी चांगला चाललो होतो. माझ्या पुढे सुटलेल्या दोघांना मी मागे टाकलं होतं. पिंपाला वळसा घालताना काकांचा आवाज ऐकू आला, "झुक, झुक! धरते ते!" मी झुकलो.

त्यानं धरलं नाही. पुढचं टायर रिमवरून बांगडी उतरावी तसं उतरलं. मी रस्त्यावर घसरत गेलो. टायर मात्र हवा भरलेलं, गोल, शाबूत, पुढच्या दांड्यांत अडकून सायकलीसकट कडेला जाऊन आडवं झालं.

काका धावत आले आणि आधी टायरकडे गेले. याचं मला वाईट वाटलं नाही, मीही तेच केलं असतं. त्यांनी ते उचललं, पट्टीवरून अंगठा फिरवला, नाकाजवळ नेलं. मग अंगठा जिभेला लावला.

"एरंडेल," ते म्हणाले, आणि तिथेच डांबरावर बसले.

तुमच्या घरी गहू भरत असतील तर तुम्हाला केव्हाच कळलं असेल. दर एप्रिलात गव्हाला किडे लागू नयेत म्हणून एरंडेल चोळतात. काकांच्या घरीही चोळायचे. आणि चोळायचे कोण, तर काका स्वतः. गच्चीवर चादर घालून, बाह्या सारून, दरवर्षी, दाण्यादाण्याला. शेजारच्या घरातली फोडणी त्यांना इकडे जाणवायची, पण गहू हे घराचं काम आणि टायर हे टायरचं, ही दोन कामं त्यांच्या डोक्यात कधी एका खोलीत आलीच नाहीत. धोतरानं नऊ वर्षं तेल प्यायलं आणि पट्टीला पाजलं. सोनेरी रंग त्याचाच होता.

पिंपापासचे पंच नियमांचं पुस्तक काढून उभे राहिले. नियमात लिहिलं होतं की सायकल बदलता येते. ती लेडीज नसावी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकांनी बसल्या बसल्या बोट दाखवलं. "घे. जा." उरलेले साडेचार किलोमीटर मी त्या सायकलीवर मारले. तिला घंटी होती, चेनकव्हर होतं आणि पुढच्या बास्केटमध्ये सांभाराची जुडी होती, पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात ती. ज्या दोघांना मी मागे टाकलं होतं ते पुन्हा पुढे गेले. त्यातला एक मागे वळून पाहत राहिला आणि पडता पडता वाचला.

मी नववा आलो.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधून काकांकडे गेलो. ते गच्चीवर होते. माझ्या पुढच्या चाकावरचं धरून तेरा टायरं ओळीनं उन्हात मांडली होती, आणि काका बेसन पाण्यात कालवून एकेका टायरची पट्टी चोळत होते, बाळाचं तेल काढावं तशी. पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "काका, वाळवण घातलं काय?" काकांनी पुढचं टायर पुढ्यात ओढलं.

काकू मला म्हणाल्या, "फ्रिज गेला, फोडणी गेली. आता भज्याचं पीठही गेलं."

"तुझी खोली गेली ना गा?" काका म्हणाले.

"हो."

ते चोळत राहिले. मग बोटांवरचं बेसन पाहत म्हणाले, "याच हातानं लावलं मी ते तेल."

मी पुढे वर्षभर एसटीनं ये-जा केली. दिवाळीनंतर काका-काकू मुलीकडे अकोल्याला गेले. काकांना दम लागायला लागला होता आणि डॉक्टरांनी सोल्यूशनचा वास बंद करायला सांगितला होता. मधूनमधून मी फोन करायचो. ते एसटीत किती वेळ जातो ते विचारायचे. दर वेळी तेच विचारायचे, आणि मी दर वेळी दहा मिनिटं कमी करून सांगायचो.

पुढल्या चाचणीला दोन महिने होते तेव्हा सरांनी नव्या टायरांचं पार्सल मागवलं. मी काकांना फोन लावला.

"कधी आले टायर?"

"काल."

"म्हणजे एक दिवसाचे." पलीकडून त्यांचा दम लागलेला श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "लाव."

"काका, कच्ची आहेत."

"मले सांगून राहिला तू? लाव म्हटलं ना."

तीन दिवस त्यांनी मला फोनवरून एकेक हात लावायला सांगितलं. आमच्या क्रीडा विभागाची खोली कँटीनच्या वर आहे. मी कँटीनवाल्याला फोडणी बंद ठेवा असं सांगायला दोनदा खाली गेलो, दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो आणि खिडकी लावून घेतली. टायर चढलं. मी चाक फोनजवळ नेऊन फिरवलं, त्यांना ऐकवलं.

"बरं हाये," ते म्हणाले.

त्यानंतर फोन काकूच उचलायच्या. "झोपले हायेत गा. काय विचारू ते सांग." मी विचारायचो. काकू फोन ठेवून आत जायच्या. चपलांचा आवाज दूर जायचा, बऱ्याच वेळानं परत यायचा. "म्हणून राहिले की मागच्या चाकापेक्षा पुढच्यात हवा जराशी कमी ठेव." कधी, "म्हणून राहिले की पिंपाजवळ आधी ब्रेक मार, वळताना मारू नको, रिम तापली की सोल्यूशन सुटते." मी सगळं वहीत लिहून ठेवत होतो आणि तसंच करत होतो.

चाचणी झाली. यादी लागेपर्यंत मी थांबलो, मग सूचनाफलकापाशीच उभं राहून फोन लावला.

"काकू, काकांना उठवा. चौथा आलो."

"नक्की ना? यादी लागली?"

"लागली."

"खोली भेटते ना मग?"

"भेटते."

काकू म्हणाल्या, "मग सांगते. ते गेले गा. सव्वा महिना झाला. त्यायनंच बजावलं होतं मले, चाचणी झाल्याबिगर पोराले कळू देऊ नको म्हणून. एकदा पडला म्हणे माझ्यापायी."

आजूबाजूला पोरं यादी पाहायला लोटत होती. मी म्हणालो, "मग ते हवेचं? ब्रेकचं?"

"मीच सांगे. चाळीस वर्षं दुसरं काय ऐकलं मी?"

"पण तुम्ही आत जाऊन येत होतात."

"सुचायले वेळ लागे ना गा."

मग त्यांनीच विचारलं, हळूच, "वळणावर घसरलं तर नाही पुढचं चाक?"

"नाही काकू. जराही नाही."

"ते ब्रेकचं तुले तेरवीच्या दिवशी सांगतलं होतं. घरात पाहुणे, पंगत बसलेली, आन् तुझा फोन. तवापासून जीवाले घोर होता मले, चुकीचं तर नाही सांगतलं म्हणून."